पुंजाजी आणि त्याची चेपकी

पुंजाजीच्या सतारीचा भोपळा एका अंगाने चेपलेला होता, हे मी आधीच सांगून टाकतो. पुढे तिची तारीफ करावी लागणार आहे, आणि तेव्हा हे सांगायचं राहून जाईल. दांडी बाभळीची. बाभूळ जड, सतारीला ती कोणी लावत नाही. खुंट्या एकीला दुसरी न जुळणाऱ्या. त्यातली एक तर पाळण्याची काढून बसवली असावी अशी रंगीत होती. पडदे ज्या सुताने बांधले होते ते मळून काळंकुट्ट झालेलं. या ध्यानाला पुंजाजीने लाडाने नाव ठेवलं होतं, चेपकी. आणि ही चेपकी वाजायला लागली की मला त्या दिवशी जेवण जात नसे.

माझी सतार मिरजेची. वडील कीर्तनकार होते. त्यांनी ती मुद्दाम तिकडून करवून आणली. अमरावतीपर्यंतच्या बैलगाडीच्या प्रवासात ती गादीवर निजली आणि आम्ही घरची माणसं फळीवर. पोटावर हस्तिदंती वेलबुट्टी, खुंट्यांच्या टोकांना हस्तिदंताचीच फुलं. बघणारा आधी तिच्याकडे बघायचा, मग माझ्याकडे. अंबादेवीच्या देवळामागे आमचं घर. गावात कोणाच्या घरी कार्य निघालं आणि सतार हवी असली तर दुसरं नावच निघत नसे. लोक म्हणत, बुवांना सांगा. हे चांगलं चाललं होतं.

मग अमेरिकेत कुठेशी लढाई जुंपली. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. लोकांनी उशा उसवून आतला कापूस विकला. देवापुढच्या वाती बारीक झाल्या. कास्तकारांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या, आणि ज्यांनी आयुष्यात तमाशापलीकडे काही ऐकलं नव्हतं त्यांच्या घरी सतारीच्या बैठकी होऊ लागल्या. मला वाटलं, आता आपलेही दिवस आले. दिवस आले, पण त्यांच्याबरोबर पुंजाजीही आला.

पुंजाजी अकोटाकडचा. कापसाचा दलाल. उंच, आडव्या हाडाचा, आवाज असा की बाजाराच्या एका टोकाला बोलला तर दुसऱ्या टोकाचे बैल कान हलवत. कानावर नेहमी कापसाचं एक बोंड अडकवलेलं, दुसरा एखादा अत्तराचा फाया ठेवतो तसं. बोलता बोलता तो फाया काढायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून हळू ओढायचा आणि धागा किती लांब निघतो ते उन्हात धरून पाहायचा. ती त्याची कापूस पारखायची रीत. पण पुढे पुढे तो सगळ्याच गोष्टी त्या मापाने मोजू लागला होता. कोणी लांबलचक कीर्तन केलं की म्हणायचा, "धागा आखूड, सरकीच जास्त." माझं वाजवणं पहिल्यांदा ऐकल्यावर म्हणाला, "बुवा, तुमचा धागा लांब हाय बरं. पन पीळ कमी बसला." चारचौघांत म्हणाला. मी हसलो, कारण सगळे हसले.

ती पहिली भेट शेठजींच्या आवारात झाली. शेठजी मारवाडी, कापसाचे मोठे खरीददार, आणि माझे आश्रयदाते. त्यांच्या दोन्ही मुलांना मी सतार शिकवत असे. दोघांनाही कान नव्हता, पण शेठजींना ते माहीत नव्हतं. हंगामाच्या पहिल्या गाड्या आल्या म्हणून त्यांनी दुपारची बैठक ठेवली होती. पाहुणे कापसाच्या बोऱ्यांवरच बसले होते. माझा काफी राग झाला, लोकांनी माना डोलावल्या, आणि तेवढ्यात पुंजाजी आपल्या गाडीतून गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी काखेत मारून घेऊन आला. गोधडी सुटली तसे शेठजी म्हणाले, "अरे पुंजाजी, ये क्या उठा लाया, कद्दू?"

"कद्दूच हाय, शेठ," पुंजाजी म्हणाला. "पन गानारा हाय."

लोक खूप हसले, मीही मनापासून हसलो. ते माझं त्या सतारीवरचं शेवटचं हसणं.

त्याने तार छेडली. एकच. आणि ती थांबेना. माझ्या सतारीची तार छेडली की स्वर स्पष्ट उमटतो आणि विरतो. चांगल्या सतारीने असंच करावं असं मला शिकवलेलं होतं. चेपकीचा स्वर उमटायचा, विरायला लागायचा, आणि मग दारापर्यंत गेलेलं माणूस काहीतरी आठवून माघारी यावं तसा परत यायचा. पुंजाजीचा हात काही मोठा तयार नव्हता. दोन गती, म्हणजे सतारीवरच्या ठरीव चाली, त्याला धड येत, तिसरीत तो चुकायचा आणि चुकला की मोठ्याने "अरारा" म्हणायचा. तरी लोक हलले नाहीत. माझ्या काफीच्या वेळी शेठजींचा मुनीम सुपारी कातरत होता. चेपकीच्या वेळी अडकित्ता त्याच्या हातात तसाच उघडा राहिला. मी वाजवताना त्याला एकदाही असं झालं नव्हतं.

त्या दिवसापासून हेवा माझ्या घरी राहायला आला. मी त्याला कधी पाहुणा म्हटलं नाही, आणि त्यानेही जायची घाई केली नाही.

चेपकीत एवढं काय होतं, हे मी पुंजाजीला नाना रीतींनी विचारलं. तो सांगायचा भरपूर, पण दर वेळी निराळं. एकदा म्हणाला, भोपळा सासूच्या मांडवावरचा, भिंतीला टेकून वाढला म्हणून चेपला. दुसऱ्यांदा तो पूर्णेच्या पुरात वाहत आलेला होता आणि दगडावर आपटून चेपला होता. तिसऱ्यांदा मेळघाटातल्या एका म्हाताऱ्या कोरकूने घोंगडीच्या बदल्यात दिलेला. घोडी, म्हणजे ज्या हाडाच्या पट्टीवरून तारा जातात ती, सांबराच्या शिंगाची होती. ते सांबर कधी त्याने स्वतः पाहिलेलं असायचं, कधी त्याच्या आज्याने. मी म्हटलं, "पुंजाजी, एक काय ते ठरवून सांगा."

"काहून?" तो म्हणाला. "तुमच्या कीर्तनात एका देवाच्या दहा गोठी चालते, माह्या भोपळ्याच्या तीन चालत नाही?"

खरी गोष्ट मला त्याच्या बायकोकडून कळली. अमरावतीत त्यांनी भाड्याने बिऱ्हाड घेतलं होतं. मी एका सकाळी काहीतरी निमित्त काढून गेलो. पारबताबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. बारीक अंगाच्या, नवरा जितका मोठ्याने बोले तितक्या हळू बोलणाऱ्या. मी भोपळ्याचा विषय काढला तशी त्यांनी पदर तोंडाला लावला.

"अवो बुवा, कायचा पूर अन् कायचा कोरकू. लगन होऊन आली तवा आंगनात भोपळे वाळत होते. मी नवी नवरी, मले वाटलं बसाचं हाय. मी बसली."

आतून पुंजाजीचा आवाज आला, "सांगतलं का? सांगून टाकलं? आता बुवा आपल्या बायकोले घरोघरच्या भोपळ्यावर बसवत फिरतीन."

दुसरं गुपित त्याच सकाळी माझ्या डोळ्यांपुढे होतं. चेपकी खुंटीला टांगली होती. घोडीवर तारेखाली सुताचा एक बारीक धागा सरकवलेला दिसला. तंबोऱ्याला असा धागा घालतात, त्याने स्वराला झणकार येतो. सतारीला कोणी घालत नाही. मी तसं म्हणालो तर पुंजाजी म्हणाला, "कोनी घालत नाही म्हनून तं घातला." तो धागा बणी कापसाचा होता. बणी म्हणजे आमच्याकडचा जुना, लांब आणि रेशमासारख्या धाग्याचा कापूस. तेजीत लोक मिळेल ते पेरत आणि विकताना चांगल्यात वाईट मिसळत. निवळ बणी दिसेनाशी झाली होती. पुंजाजी बाजारभर फिरून बणीची मूठभर बोंडं वेचून आणायचा आणि पारबताबाई त्याचा धागा काढायच्या. मी मागितला तसा त्यांनी लगेच हातभर तोडून दिला. पुंजाजी मिशीत हसला.

घरी येऊन मी तो धागा माझ्या मिरजेच्या सतारीला घातला. डबीत कोंडलेल्या माशीसारखा आवाज यायला लागला. पुढे सरकवला, मागे सरकवला, दुहेरी केला, एकेरी केला. शेवटी आमच्या घरातून निरोप आला की सतारीला बरं नसेल तर तिला झोपू द्या. तो धागा मी समईत वातीला घातला.

पुंजाजीची आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. दलाल लोक भाव तोंडाने ठरवत नाहीत. घेणारा आणि दलाल एकमेकांचे हात हातात घेतात, वरून उपरण्याचा पदर टाकतात, आणि आत बोटांनी बोलतात. जितकी बोटं धरली तितका आकडा. चारचौघं समोर उभी असतात आणि कोणाला काही कळत नाही. पटलं नाही तर हात बाहेर काढायचा, झालं. पुंजाजी या विद्येत पक्का होता. बोटांशिवाय त्याला बोलताच यायचं नाही. माझ्याशी गप्पा मारतानाही मध्येच उपरणं हातावर टाकून म्हणायचा, "द्या हात, वळखा कोनती गत," आणि माझ्या तळव्यावर बोटांनी दा-रा-दा-रा वाजवायचा. मी ओळखायचो. त्याला फार आवडायचं ते.

त्यानेच मला सगळे इशारे शिकवले. त्यातला एक बाजारात कधी वापरला जात नसे. बोटं न धरता नुसता उघडा तळहात समोरच्याच्या तळहातावर टेकवायचा. त्याचा अर्थ, भाव नाही, असंच घे. मी विचारलं, "असं देतो कोण?"

"बाप देते पोरीले," तो म्हणाला. "दलाल नाही देत."

"मग तोंडानेच सांगावं, घे म्हणून."

"तोंडानं सांगतलं का चारचौघाचं होते, बुवा. हातानं सांगतलं का दोघाचंच राहते. अन् एक ध्यानात ठेवा. हात सुटला का सौदा सुटला. मागून कोनी हजार वेळा म्हनो, पुंजाजी दुसऱ्यांदा हात देत नसते."

हे तो अभिमानाने सांगायचा, आणि बाजारात त्याची ही ख्याती होतीच. एकदा शेठजींनी सौदा नाकारून हात काढला आणि तासाभराने पस्तावून माणूस पाठवला. पुंजाजीने तो माल त्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याला घातला. शेठजींनी पंधरा दिवस त्याचं नाव घेतलं नाही. मला ते पंधरा दिवस छान गेले.

आता अकोल्याची गोष्ट. तिथल्या एका व्यापाऱ्याकडे मुलाच्या लग्नाची बैठक होती आणि आम्हा दोघांना बोलावणं होतं. रस्ता खराब, कापसाच्या गाड्यांनी चाकोऱ्या गुडघाभर खोल केलेल्या. अकोल्याला पोचून मी माझी सतार गवसणीतून काढली तर घोडी तडकलेली. हस्तिदंताचं एक फूलही कुठे गळून गेलं होतं. मांडवात लोक बसलेले, यजमान पुढे येऊन उभे. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. तेव्हा पुंजाजीने गोधडी सोडली आणि चेपकी माझ्या पुढ्यात ठेवली.

"घ्या. वाजवा. चावत नाही ते."

खरं सांगतो, मला ती चावली असती तर बरं वाटलं असतं. मला आतून खात्रीच होती की माझ्या हातात ती मुकी राहील. जे काही आहे ते पुंजाजीच्या बोटांत आहे, असं म्हणून हळहळायची मी तयारीही केली होती. तशा गोष्टी आपण ऐकतो ना, वाद्यात काही नसतं, वाजवणाऱ्यात असतं. मी पिलू राग छेडला आणि पहिल्याच तारेला कळलं की हे खोटं आहे. सगळं वाद्यातच होतं. त्या चेपक्या भोपळ्यात, बाभळीच्या जड दांडीत, सांबराच्या शिंगात आणि बणीच्या धाग्यात होतं, आणि मला वाजवता येत होतं. पुंजाजीला जिथे चुकायला व्हायचं तिथून मी सहज पुढे गेलो. मींड, म्हणजे तार ओढून स्वर घसरवत नेणं, मी ओढायचो तेवढी माझी, त्यापुढची ती स्वतः घ्यायची. मी वीस वर्षं सतार वाजवत होतो, पण मला जे ऐकू येत असे ते पहिल्यांदा बाहेर आलं.

मांडवात कोणी खोकलं नाही. संपल्यावर जे व्हायचं ते झालं. वाहवा झाली, कोणी अंगावरची शाल काढून दिली. मी पुंजाजीकडे पाहिलं. दर बैठकीत सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने दाद देणारा तो. त्याने कानावरचा फाया काढला होता आणि ओढत होता. ओढून ओढून हातात काही उरलं नाही तरी बोटं तशीच ओढत होती. त्याच्या तोंडावर जे होतं ते मी लांबूनही ओळखलं. हेवा मला चांगला ओळखता येतो, घरचाच माणूस तो.

माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा दिवस. चेपकी मला वाजली म्हणून सुख होतंच, पण पुंजाजीला ती मला वाजलेली सोसली नाही, याचं अधिक होतं. येताना तो माझ्या गाडीत बसला नाही. पुढच्या गाडीत मांडीवर गोधडी घेऊन, माझ्याकडे पाठ करून बसला होता. सगळा रस्ताभर मी त्या पाठीकडे बघत आलो आणि कंटाळलो नाही.

त्यानंतर चेपकी मला कधी मिळाली नाही. मी गेलो की ती खुंटीवर नसायची. तार तुटली आहे, पडदे बांधायचे आहेत, पारबतीच्या भावाने नेली आहे. तिच्या भावाला सतार कुठून धरतात हे ठाऊक नव्हतं. मला मात्र आता एकच ध्यास लागला. मिरजेच्या सतारीवर बसलो की दोन गतींनंतर मी ती खाली ठेवायचो. पोहणाऱ्याला एकदा नदी दाखवून मग हौदात सोडावं तसं झालं होतं. आमच्या मुलांच्या आईने एकदा विचारलंसुद्धा, कोणाची वाट बघत असता? काय सांगणार होतो?

मग अमेरिकेतली लढाई थांबली. ही बातमी अमरावतीला कशी पोचली ठाऊक नाही, पण पोचली त्या दिवशी बाजारात कोणी कोणाचा हात हातात घेतला नाही. उपरणी खांद्यांवरच राहिली. भाव कोसळले, दलाल रिकामे झाले. शिंगांवरच्या शेंब्या हळूहळू सोनारांकडे परत गेल्या. पुंजाजीने बिऱ्हाड हलवलं आणि अकोल्याला कापसाच्या गाठी दाबायचा लोखंडी पेच बसला होता तिथे देखरेखीचं काम धरलं. जाताना तो मला भेटून गेला नाही. मीही गेलो नाही. पण अकोल्याहून येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारायचो, पुंजाजी कसा आहे, आणि माझ्या मनात असायचं, चेपकी कशी आहे. लोक सांगत, त्याने गाडी विकली, बैल विकले. शेठजी एकदा सहज म्हणाले, "वो कद्दू भी बेचेगा तो मैं ले लूँगा, बच्चों के लिए." त्या दोन बहिऱ्या मुलांच्या हातात चेपकी, या विचाराने मला ताप आल्यासारखं झालं.

आणि एका सकाळी पुंजाजी माझ्या ओटीवर येऊन उभा राहिला. काखेत गोधडी. मिशा पांढऱ्या झालेल्या, कानावर फाया नाही. उजव्या हातावर उपरणं आधीच टाकलेलं, म्हणजे सौद्याच्या तयारीनेच आलेला. मी बसा म्हटलं, बसला. पाणी डाव्या हाताने प्यायला. गोधडी आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो, अकोल्याची हवा, पारबताबाईंची तब्येत. त्याचा आवाज खाली आला होता.

"बुवा," तो म्हणाला, "चेपकीचं कराचं हाय. हात द्या."

म्हणजे विकायला काढली होती. माझ्याकडे आला होता, शेठजींकडे नाही. की शेठजींकडे जाऊन आला होता? मी हात पदराखाली घातला. आत त्याचा हात माझ्या तळव्यावर टेकला. मी बोटं मोजली. उघडा तळहात असता तर पाचही लागली असती. लागली चार. चार म्हणजे आकडा. शंभर की हजार हे तोंडाने सांगायची रीत असते. तो काही बोलला नाही, माझ्या तोंडाकडे बघत राहिला. चारशे, मी मनात म्हटलं. माझ्या घरादारात चारशे नव्हते हे त्याला ठाऊक होतं. सगळं माझ्या मनात एका क्षणात जुळलं. शेठजींनी भाव सांगितला असणार. हा मला तो ऐकवायला आला होता. अकोल्याच्या मांडवातला हिशेब फेडायला, मला चेपकी दाखवून न्यायला आला होता.

मी हात बाहेर काढला.

पुंजाजीचा हात पदराखालीच होता. मग त्याने उपरणं त्या हाताभोवती गुंडाळून घेतलं, डाव्या हाताने गोधडी उचलली आणि म्हणाला, "बरं मंग. येतो, बुवा." मी दारापर्यंत गेलो नाही.

पुढे नवरात्रात पारबताबाई अंबादेवीला आल्या होत्या. देवळाच्या पायरीवर भेटल्या. मी नमस्कार केला तर त्यांनी तो घेतला, पण नेहमीसारखं हसल्या नाहीत. मी विचारलं, चेपकी शेवटी कोणाला दिली?

"कोनाले देतीन?" त्या म्हणाल्या. "तुमालेच द्याले आनली होती. तुमी घेतली नाही."

"चारशे मी कुठून आणणार होतो, बाई?"

"कायचे चारशे?" त्यांना खरंच कळेना. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमाले कोनी सांगतलं नाही का बुवा? त्या पेचात बोट गेलं त्याईचं. उजव्या हाताचं, नखीचं."

नखी म्हणजे सतार छेडायची तारेची अंगठी. ती उजव्या हाताच्या पहिल्या बोटात घालतात.

"तळहात ठेवला होता त्याईनं तुमच्या हातावर," त्या म्हणाल्या. "आता चारच बोटं हायेत त्याले ते काय करतीन? मले म्हने, वाजवनारा एकच पायला म्या, त्या दिवशी अकोल्याले. त्या दिवशी घरी येऊन जेवले नव्हते ते."

मी म्हटलं, मग तोंडाने का नाही सांगितलं? आणि विचारता विचारताच मला उत्तर ठाऊक होतं. त्या प्रदक्षिणेला गेल्या.

पुंजाजी तेव्हा अकोल्याचं काम सोडून आपल्या गावी, अकोटाकडे राहत होता. हात सुटला की सौदा सुटला, हे माहीत असूनही मी गेलो. माणूस बदलतो, म्हातारपणी मऊ पडतो, असं वाटेत स्वतःला समजावत गेलो. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. दुपार कलली होती. गावाबाहेर त्याचं घर, अंगणाला तुराट्यांचं कुंपण. कुंपणाशी पोचलो आणि आतून तार वाजली.

दा-रा. दा-रा. दा-रा.

शिकाऊ पोर वाजवतं तसं. एकच गत, तीही मोडत. चुकलं की थांबायचं, "अरारा", आणि पुन्हा पहिल्यापासून. तुराट्यांच्या फटीतून मी पाहिलं. पुंजाजी ओट्यावर मांडी घालून बसला होता. नखी मधल्या बोटात घातली होती. ते बोट अजून ऐकत नव्हतं; तारेवर जायचं सोडून भलतीकडे घसरायचं, मग तो डाव्या हाताने ते धरून जागेवर आणायचा, पोराचं धरावं तसं. कानावर पुन्हा फाया होता. बाजारभर ज्याचा आवाज जात असे तो माणूस पन्नाशीनंतर अंगणात बसून सा-रेपासून शिकत होता, आणि त्याला कोण ऐकतंय याची त्याला लाज नव्हती.

मी आत जायला पाऊल उचललं आणि टाकलं नाही. मी गेलो असतो तर त्याने तो हात उपरण्याखाली लपवला असता.

तेवढ्यात त्याला एक मींड बरी साधली. ओबडधोबडच, पण साधली. चेपकीने ती घेतली, नेली, विरवली आणि माघारी आणली. त्याने मान वर करून मोठ्याने स्वतःलाच दाद दिली. मी त्याच्याहून पन्नास पटींनी चांगला वाजवतो. घरी माझी मिरजेची सतार आहे, हस्तिदंताची, नवी घोडी बसवलेली. आणि मी कुंपणाबाहेर उन्हात उभा राहून त्या मोडक्या दा-रा-दा-रावर जळत होतो.